दगडोबाला दुखलं तो दिवस

दवाखान्याच्या धुलाईघरात वाफेच्या इस्त्रीवर जो माणूस उभा असायचा, त्याला सगळे दगडोबा म्हणायचे. खरं नाव पगाराच्या दिवशी कारकुनाला आठवायचं, तेवढंच. आणि हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. एकदा चादर ओढताना त्याचा तळहात तापल्या पत्र्याला चिकटला, आणि हा गडी आपला शेजारच्या बाईला मुकादमाच्या चालण्याची नक्कल करून दाखवतोय! बाई किंचाळली तेव्हा त्यानं खाली पाहिलं. "अरेच्चा," म्हणाला, "चादर खराब झाली की." घ्या! हाताची सालटी निघाली होती आणि याला पडली होती चादरीची.

जन्मापासूनच तो असा. लहानपणी जिभेचा शेंडा चावून टाकला आणि तोंडभर रक्त घेऊन खेळत राहिला. कोपर मोडलं ते हात सुजून भोपळा झाल्यावर कळलं. वासाचंही तेच, फूल काय नि नाली काय, त्याला सगळं सारखं. त्याची आई रोज दिवेलागणीला त्याला उघडा करून दिव्याखाली उलटासुलटा तपासायची. कुठे जखम सापडली की खरखरीत फडकं घेऊन लाल दिसेपर्यंत घासायची, घाण राहायला नको म्हणून. तो मजेत गाणं म्हणत बसायचा. जखम साफ करायची ती अशीच, जगात सगळे अशीच करतात, हे त्याच्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच.

आणखी एक गोष्ट बसली होती. लोक दुखण्याचा फार बाऊ करतात. ठेच लागली की एका पायावर नाचतात काय, दात दुखला की गाल धरून रडतात काय! तो कोणाला तसं बोलून दाखवायचा नाही, मनानं चांगला होता. पण आतून त्याला वाटायचं की ही सगळी माणसं जरा लाडावलेली आहेत.

आता असल्या माणसाच्या घरात दुखणं आलं. आणि आलं ते त्याला नाही, त्याच्या बायकोला.

छातीत गाठ होती. ती कापली, पुन्हा आली, कातडी फोडून बाहेर आली आणि आतून पाठीच्या कण्यात उतरली. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. घर म्हणजे दवाखान्यामागच्या कर्मचाऱ्यांच्या इमारतीतल्या दोन खोल्या. जखमेला वास यायचा. शेजारणी यायच्या त्या नाकाला रुमाल लावून, दारातूनच विचारपूस करून पळायच्या. दगडोबा मात्र तिच्या खाटेला टेकून ताटात जेवायचा. त्याला वास येत नव्हता म्हणून, हे खरं. पण येत असता तरी तो तिथेच बसला असता, हेही तितकंच खरं. बायकोवर त्याचा जीव होता. जे खरं ते सांगायलाच हवं.

तिचं ड्रेसिंग तो स्वतः करायचा. चिकटलेली पट्टी एका झटक्यात ओढायचा, आणि मग कापडानं, आईनं शिकवलं तसं, लाल दिसेपर्यंत. बायको उशीच्या अभ्र्याचा कोपरा तोंडात कोंबायची. "झालं, झालं," तो म्हणायचा, "किती गं घाबरतेस!" सुरुवातीला ती सांगायची की अहो, दुखतंय. मग सांगणं सोडलं तिनं. त्याला कळत नाही यात त्याचा तरी काय दोष, असं म्हणून ती अभ्राच चावायची. एकदा त्यानं तिचे तळहात पाहिले. दोन्ही तळव्यांवर नखांच्या अर्धगोल खुणा, काही ताज्या, काही सुकलेल्या. "नखं केवढी वाढवलीस तू! स्वतःलाच ओरबाडतेस बघ," असं म्हणून तो नेलकटर घेऊन बसला. मन लावून एकेक बोट धरून तिची नखं त्यानं मुळापर्यंत कापली. आणि तीही वेडी त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत राहिली.

घरी येणाऱ्या सिस्टरनं औषधाची बाटली दिली होती. अफूतून काढतात ते औषध. दर चार तासांनी ड्रॉपरनं इतकं द्या, ड्रेसिंगच्या आधी आठवणीनं द्या, असं तिनं बजावून सांगितलं. दगडोबानं पहिले दोन दिवस दिलंही. पण औषध घेतलं की बायको झोपायची, जागी झाली तरी जीभ जड व्हायची. आणि त्याला तर दिवसभराचं सांगायचं असायचं. मुकादम काय म्हणाला, कोणाच्या चादरीत काय सापडलं, सगळं. त्याच्या नकलांना खरं हसणारं जगात एकच माणूस होतं, तेच डोळे मिटून पडायला लागलं तर या बाबानं करायचं काय? त्यात धुलाईघरात कोणीतरी अक्कल पाजळली की ते औषध म्हणजे नशा, सवय लागते, घेणारा लवकर जातो. झालं. दगडोबानं बाटली कपाटात कुलपात ठेवली आणि किल्ली शर्टाच्या खिशात. औषध मिळणार ते फक्त झोपायच्या वेळी. "दुखण्यानं कोणी मरत नाही गं," तो बायकोला समजवायचा, "असल्या औषधांनी मरतं. रात्रीपर्यंत थांब. रात्र काय, आलीच."

मग बायकोची धाकटी बहीण मदतीला येऊन राहिली. पहिलं ड्रेसिंग बघितलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर पदर खोचून बाहेर आली.

"भावोजी, किल्ली द्या."

"कशाला?"

"ती तडफडतेय. डोळे आहेत ना तुम्हाला?"

"सोसायची सवय नाही तिला, दुसरं काय. मला बघ. हात जळला, पाय मोडला, कधी तोंडातून चकार शब्द काढला?"

"तुम्हाला दुखतच नाही! त्यात मर्दुमकी कसली? मेलेल्या माणसालाही दुखत नाही, त्याला काय शूर म्हणायचं?"

खाटेवरून बायको पुटपुटली, "धाकटे, जाऊ दे." पण धाकटी जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. "तुम्हाला एकदा दुखू दे," ती म्हणाली, "आयुष्यात एकदाच. दुसरं काही मागत नाही मी."

हे दगडोबाला लागलं. म्हणजे मनाला लागलं, तिथे त्याला लागायचं. आणि नेमकी त्याच्याकडे त्यावर तोड होती. दवाखान्यातली नसांची डॉक्टरीणबाई, हात जळला तेव्हापासून त्याच्या मागे होती. तुमच्यासारखी माणसं लाखात एक, तुमच्या रक्ताची तपासणी केलीय, एक औषध शिरेतून देऊन बघू द्या, कदाचित थोडा वेळ दुखेल, असं ती म्हणत होती. तो हसून टाळत आला होता. आता म्हणाला, "ठीक आहे. घेतो ते औषध. मला दुखलं आणि मी गप्प सोसलं, तर पुन्हा बाटलीचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही सोसलंत तर?"

"तर किल्ली तुझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाळी संपल्यावर, तो डॉक्टरीणबाईंच्या खोलीत पलंगावर आडवा झाला. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. सुई लावता लावता त्यांनी सांगितलं, "हे बघा, अफूसारखं औषध आपलं शरीर स्वतःच बनवतं. सगळ्यांचं. जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, तिथे हे औषध थोडं सोडतात, आणि ते नसेच्या टोकावर जाऊन बसलं की नस जरा गप्प होते. तुमच्यात जन्मतःच नसेचं निरोप पाठवायचं एक दार बंद आहे. त्यात भर म्हणजे तुमच्या नसा स्वतःच ते औषध भरभरून बनवत बसतात, जखम असो नसो. मी आता जे देणार आहे ते त्याला जागेवरून हटवतं. बास."

दगडोबानं मान वळवली. "माझ्या बायकोच्या बाटलीत आहे, ती अफू?"

"त्याच जातीचं. तिच्या शरीरातही बनतं, पण एवढ्या मोठ्या दुखण्याला ते कुठलं पुरणार? म्हणून तर बाटली."

"पण त्याची सवय लागते म्हणतात."

बाई हसल्या. "तुम्हाला जन्मापासून रात्रंदिवस मिळतंय. काय वाईट झालं तुमचं?"

"ते वेगळं," तो एवढंच म्हणाला आणि छताकडे बघत बसला.

थेंब थेंब औषध आत जाऊ लागलं. बाईंनी एका यंत्राचं गरम टोक त्याच्या हातावर धरलं. काही होतंय? नाही. पुन्हा धरलं. नाही. दगडोबा मनातल्या मनात धाकटीला जिंकल्याचं कसं सांगायचं ते ठरवायला लागला. आणखी थोड्या वेळानं बाईंनी पुन्हा तेच केलं आणि त्यानं हात मागे घेतला. आपला हात आपण न सांगता मागे कसा आला, म्हणून तो हाताकडे बघत राहिला.

"काय वाटलं?"

"काही नाही. म्हणजे... नको वाटलं." मग त्याला हसू फुटलं. "हेच का ते? ह्यॅ! एवढ्यासाठी माणसं रडतात?"

हसणं संपलं नसेल, तोवर त्याला वाटलं की कोणीतरी आपला डावा पाय धरलाय. पूर्वी धुलाईघराच्या जिन्यावरून गाठोड्यासकट पडला होता तेव्हा तो घोटा मोडला होता, आणि मोडक्यावरच हा बरेच दिवस चालल्यामुळे वाकडाच जुळला होता. त्यानं मान उचलली. पायाशी कोणी नव्हतं. चादर फेकली. घोटा आपला नेहमीसारखाच होता, वाकडा, थोडा फुगलेला. पण त्याच्या आत कोणीतरी बसून हाड पिळत होतं, आणि थांबत नव्हतं.

"सोडायला सांगा त्याला," दगडोबा म्हणाला.

"कोणाला?"

त्याला कपाळावर घाम आला. पाय लांब केला तरी तेच, जवळ घेतला तरी तेच. कुठे ठेवावा तेच कळेना. आत्तापर्यंत त्याचं अंग म्हणजे त्याचं घर होतं, हवं तसं वापरावं. आता त्या घरात राहायची सोय उरली नव्हती आणि बाहेर पडायला दारही नव्हतं. गप्प सोसायची पैज तो कधीच विसरून गेला. "बाई, आई गं, याला काय करतात हो? लोक काय करतात?"

"औषध घेतात. नाहीतर वाट बघतात."

"मग ते थेंब द्या मला! बाटलीतले द्या!"

"आत्ता ते चालणार नाहीत, दादा. त्यांचीच जागा अडवून ठेवलीय आपण. सलाईन बंद केली मी. तासाभरात उतरेल."

"तासभर?" तो ओरडला. "तासभर कसा काढायचा?"

आणि ओरडता ओरडता त्याला आठवलं. रात्र काय, आलीच, असं कोणीतरी कोणाला तरी रोज म्हणत होतं. त्यानं डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "तिचं याच्याहून कमी असेल ना? बायकोचं? कमीच असेल ना?"

बाई सुई काढत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "तुमचा घोटा जुना आहे," त्या म्हणाल्या. "असल्या घोट्यानं लोक रोज कामाला जातात."

मग तो थांबला नाही. बाई म्हणत होत्या की इथेच पडून राहा, तो म्हणाला, "नाही, हे उतरायच्या आत मला घरी जायचंय." आयुष्यात पहिल्यांदा तो लंगडला. भिंत धरून जिना उतरला, आवार ओलांडलं, आपल्या इमारतीचा कठडा धरून एकेक पायरी चढला. वाटेत धुलाईघराची बाई भेटली, ती म्हणाली, "दगडोबा, नक्कल कोणाची चाललीय?" तिला काय सांगणार!

धाकटीनं दार उघडलं. त्याचा चेहरा बघून ती बाजूला झाली. त्यानं कपाट उघडलं, बाटली काढली, ड्रॉपर भरून बायकोच्या ओठांशी नेला. मग किल्ली धाकटीच्या हातात कोंबली. "घे. आणि ऐक. हे उतरणार आहे. मी पुन्हा मागीन. पाया पडलो तरी देऊ नकोस."

बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. "अहो," ती म्हणाली, "दुखतंय तुम्हाला?"

त्यानं मान हलवली आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "घोट्यात."

आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर, काय सांगू, माहेरचं माणूस दारात दिसल्यावर येतो तसा आनंद आला. "या इकडे," ती म्हणाली. "पाय उशीवर घ्या. उंच. अंग आवळू नका, आवळलं की जास्त होतं. श्वास हळू सोडा. त्याच्याकडे लक्ष देऊ नका आणि त्याच्याशी भांडूही नका. आता कमी होईल मग कमी होईल असं म्हणायचं नाही, फक्त हा एक श्वास." किती शिकली होती ती! आणि त्याच खोलीत, त्याच्या शेजारी, त्याला पत्ता लागू न देता.

"मी तुझं ते घासायचो," तो म्हणाला. "फडक्यानं."

"आधी पाणी टाकून भिजू द्यायचं असतं," ती म्हणाली. "पट्टी आपोआप सुटते." औषध चढायला लागलं होतं. डोळे मिटता मिटता ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात." तो तर रोजच यायचा घरी.

संध्याकाळपर्यंत त्याचं उतरलं. किती हळू उतरलं तेही कळलं नाही. एकदा लक्षात आलं की आपण बराच वेळ पायावर पाय टाकून बसलोय. त्यानं घोटा दाबला. काही नाही. मुठीनं ठोकला, तरी काही नाही.

पुढे काय झालं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. धाकटी वेळेवर औषध देत होती, दगडोबा ड्रेसिंग करत होता, पाणी टाकून, भिजवून, बायकोनं सांगितलं तसं अगदी. बायको शांत झोपून असायची. अभ्रा कोरडा राहायला लागला. दगडोबा कामावरून यायचा, खाटेशी बसायचा, मुकादमाची नवीन नक्कल सुरू करायचा आणि मध्येच थांबायचा. झोपलेल्या माणसापुढे नक्कल कशी करणार? आठवडा झाला असेल नसेल, तो धाकटीला म्हणाला, "आज दुपारचं राहू दे ना. तासभर बोलेल माझ्याशी."

"नाही."

"एकच वेळ."

"तुम्हीच सांगितलं होतं, भावोजी. पाया पडलो तरी देऊ नकोस म्हणून."

"तेव्हा मी शुद्धीवर नव्हतो. एवढं काही दुखत नसतं गं. मी स्वतः बघितलंय की!"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बरं, पण ती घाबरली होती. दगडोबाला स्वतःचं बोलणं कानावर आलं आणि काहीतरी चुकलंय एवढं जाणवलं, पण काय चुकलंय ते सापडेना. त्या दुपारी आपण रडलो हे त्याला आठवत होतं. कशामुळे रडलो ते माहीत होतं. पण ते होतं कसं, हे कितीही डोकं खाजवलं तरी येत नव्हतं.

मग बायकोचं खाणंपिणं थांबलं. सिस्टर बघून गेली आणि दारात धाकटीला म्हणाली की आज-उद्याचं आहे. धाकटी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. शेवटी बाहेर आली आणि तिनं किल्ली त्याच्यापुढे धरली. तिचंही काळीजच होतं.

"भावोजी, औषधाची वेळ झालीय. पण आज तुमच्यावर सोडते. उशीर केला तर शुद्धीवर येईल कदाचित. बोलून घ्या. पुन्हा नाही मिळायचं."

त्यानं किल्ली घेतली. बायको कण्हायला लागली होती, पापण्या हलत होत्या. अजून थोडं थांबलं की डोळे उघडेल, ओळखेल, अहो म्हणेल. त्याला तिला विचारायचं होतं की मी वाईट होतो का. आणि मुकादमाचं सांगायचं होतं. त्यानं वाकून आपला घोटा दोन्ही हातांनी पिळला, जीव खाऊन. आठव, आठव म्हणत होता स्वतःला. घोटा लाकडासारखा गप्प.

पिळून हात सोडले तेव्हा किल्लीचा वळ पडलाय का म्हणून त्यानं तळहात पाहिला. वळ नव्हता. जुन्या भाजल्याच्या डागावर चार छोट्या अर्धगोल खुणा होत्या, सुकून खपली धरलेल्या. त्या त्याच्याच नखांच्या होत्या, त्या दुपारी घोटा दुखताना मूठ आवळली तेव्हाच्या. अंगावर इतक्या जखमा झाल्या, पण त्याला स्वतःला दुखलं म्हणून झालेली ही एवढीच. तो त्या खुणांकडे बघत राहिला. मग त्यानं बायकोची मूठ उघडली. कण्हताना ती आवळत होती, पण तळव्यावर काही उमटत नव्हतं. नखं मुळापर्यंत कापलेली होती. त्यानंच, मन लावून.

तो उठला. कपाट उघडलं. ड्रॉपर उजेडाकडे धरून सांगितलं होतं तेवढं औषध भरलं आणि तिच्या गालाच्या आत हळूहळू सोडलं. धाकटी म्हणाली, "भावोजी, बोलायचं होतं ना?"

"दुखतंय तिला," तो म्हणाला. "असं म्हणतात."

कण्हणं हळूहळू थांबलं, मूठ सुटली. तिनं डोळे उघडले नाहीत, ना तेव्हा, ना नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास थांबला तेव्हा तो शेजारी बसलेला होता. तिचा उघडा तळहात त्याच्या हातात होता, आणि त्याला काहीही दुखत नव्हतं.